सकाळची खडखड

११ जानेवारी

आजही तेच! किल्ली फिरवली आणि बॉनेटखाली कोणी खिळ्यांचा डबा हलवल्यासारखी खडखड. अर्धी गल्ली जागी झाली असेल. मग एकदम गप्प, जणू काही घडलंच नाही. दिवसभर दुकानासमोर उभी असते, मध्ये कितीदा चालू केली तरी हूं की चूं नाही. फक्त सकाळी, रात्रभर गारठलेली असली की.

गाडी हिच्या खिडकीखालीच लावावी लागते, दुसरीकडे जागा नाही. दुखणं हाडांत उतरल्यापासून हिला रात्र अशी नाहीच, सकाळी कुठे डोळा लागतो. आणि मी हा असा ढोल बडवत निघतो! आजार माझ्या हातात नाही. डॉक्टरांच्याही आता फारसा राहिला नाही, ते सरळ बोलत नाहीत एवढंच. हा आवाज तरी माझ्या हातात आहे. तेवढी हिची सकाळ शांत करायची. ठरलं.

१३ जानेवारी

मेहुणा बहिणीला भेटायला आला होता. वर पलंगापाशी तोंडातून शब्द फुटला नाही, खाली गाडीपाशी मात्र वाचा फुटली — "दाजी, जुनी गाडी ना? मग जाड तेल घाला. गप बसेल बघा." मलाही पटलं. लगेच बदलून घेतलं.

१४ जानेवारी

गप बसली नाही. आणखी जास्त वेळ कोकलली! उंटावरचा शहाणा!

१६ जानेवारी

शेवटी बहिऱ्याकडे. हा मिस्त्री बहिरा नाही, टाचणी पडली तरी ऐकू येते त्याला. गिऱ्हाईक काय सांगतंय तिकडे लक्षच देत नाही म्हणून नाव पडलं. मी नक्कल करून आवाज काढून दाखवत होतो तर म्हणाला, "तुम्ही कशाला वाजताय? तिला वाजू द्या. रात्रभर इथेच ठेवा, सकाळी गार इंजिन ऐकतो." ठेवून आलो.

१७ जानेवारी

बसने दुकानात जायचं, म्हणून घरून लवकर निघून आधी गॅरेजात. बहिऱ्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला, डोळे मिटले. मला म्हणाला, चालू करा. खडखड संपेपर्यंत हलला नाही. मग पहिला प्रश्न — "हे तेल कोणी घातलं?"

"मी."

"डिंक घातला असतात तरी हेच झालं असतं."

मग नीट समजावलं. इंजिनाचे व्हॉल्व्ह लवकर उघडायचे की उशिरा, हे गाडी चालता चालता स्वतः ठरवते. त्यासाठी एक खास गिअर असतो, तो तेलाच्या दाबावर फिरतो. रात्री तेल खाली उतरतं. सकाळी ते वर चढेपर्यंत गिअर कोरडा, म्हणून आपटतो. पूर्वीच्या इंजिनांना जाड तेल चालायचं. या गाडीला पातळच हवं.

संध्याकाळी ही फार मलूल होती. जबडा दुखतोय म्हणाली. जबडा? हे नवीनच. डॉक्टरांना विचारायला हवं.

२० जानेवारी

पातळ तेल घातलं. गिअरला तेल सोडणारा व्हॉल्व्ह बहिऱ्याने काढून माझ्या हातात दिला. त्याला नखाएवढी जाळी, काळ्या चिकट्याने बुजलेली. "चष्म्यावाले ना तुम्ही? मग हे तुमचं काम." दुकानातल्या मऊ ब्रशने तास दीड तास घासली. उजेडाकडे धरली तेव्हा प्रत्येक भोक दिसत होतं. किती दिवसांनी हाताला यश आलं!

आवाज निम्म्यावर आला. पण गेला नाही.

रात्रीच्या गोळ्या देताना हिला सांगितलं, अजून थोडं काम बाकी आहे. तर म्हणाली, "वाजू दे हो. मला काही त्रास नाही त्याचा."

मी म्हटलं, "तुला कशाचाच त्रास नसतो!"

हसली. मीही हसलो. आमचं हे असंच चाललंय. दुखतंय का? नाही. झोप लागली का? लागली. दोघंही पट्टीचे खोटारडे.

२२ जानेवारी

डोळे तपासायची खोली अंधारी असते, ते बरं आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना आत जाऊन बसलो आणि रडलो. पोरासारखा. मग तोंड धुतलं. बाहेर आलो तर एक आजोबा दांडी सैल झालेला चष्मा घेऊन उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचेच डोळे आलेत की काय?" त्यांची दांडी घट्ट करून दिली.

हिच्याशिवाय मला राहता येणार नाही. इथे लिहितो, कारण घरात बोलायची सोय नाही. मी कोसळलो तर ही मलाच सावरत बसेल. तेवढी ताकद आता तिच्यात नाही.

२५ जानेवारी

बहिऱ्याने इंजिनाचं तोंड उघडलं. गिअरच्या आतली पिन झिजून गेली आहे. इंजिन बंद असताना गिअर जागेवर धरून ठेवायचा, हे तिचं काम. तीच सैल, म्हणून गिअर इकडून तिकडे आपटतो. गिअर नवा घालायचा, त्याच्यावरची चेनही सैल पडली आहे, तीही बदलायची. चार दिवस गाडी नाही.

"एवढं कशाला करताय?" तो म्हणाला. "दोन सेकंदांचा तर आवाज."

पहिल्यांदाच त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "करतो."

२७ जानेवारी

बसने जातोय-येतोय. ही संध्याकाळी अगदी गळून गेलेली असते. मी आलो की लगेच उशीवर सरकून बसते, केस सारखे करते.

२९ जानेवारी

गेला! आवाज गेला!

गाडी कालच आणली होती. आज सकाळी किल्ली फिरवली — काही नाही. मला वाटलं चालूच झाली नाही. काट्याकडे बघितलं तेव्हा कळलं. तसाच धावत वर.

"ऐकलंस?"

"काय?"

"तेच तर!"

तिला कळायला एक क्षण लागला. "अरे वा. गेला आवाज? कायमचा?"

"कायमचा!"

"छान झालं." खिडकीकडे बघत राहिली. मग माझा हात दाबला. दमली असेल. पण मला फार बरं वाटलं. या वर्षभरात हिच्यासाठी एक गोष्ट पुरी केली.

३ फेब्रुवारी

हिचं वाईट चाललंय. सकाळी मी निघतो तेव्हा हसून निरोप देते, संध्याकाळी बघावं तर चेहरा ताणलेला, ओठ दातांनी चावलेला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आजार पुढे सरकला असणार, म्हणाले. गाडी लोण्यासारखी चालते आणि घर हे असं. कोणाचा ते कळत नाही, पण राग येतो.

६ फेब्रुवारी

जेवली नाही. "आज नको वाटतंय," एवढंच.

७ फेब्रुवारी

दिवसा हिच्याजवळ थांबणाऱ्या मावशींनी आज सकाळी निघताना मला जिन्यात गाठलं. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात — "दादा, मी सांगितलं असं ताईंना कळू देऊ नका. पूर्वी तुमची गाडी वाजली की त्या रडून घ्यायच्या. मोठ्यांदा, अगदी ओरडून. दुखायचं ना. मग तोंड पुसून दिल्यावर दिवस बरा जायचा. आता तुम्ही गेलात की नाही ते कळतच नाही त्यांना. तुम्ही सारखे दारातून परत येता, रुमाल राहिला, किल्ली राहिली. म्हणून दिवसभर दाबून धरतात."

खाली आलो. गाडी चालू केली. काही ऐकू आलं नाही. गल्लीच्या वळणावर थांबलो आणि हॉर्न दिला. लांब, तिच्या खिडकीपर्यंत जाईल असा.

गेलो गं मी.