परीक्षकांचा परिचय

जळोची, बारामती
मंगळवार, १३ फेब्रुवारी १९९६

प्रिय दादासाहेब,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. तू लिहिलंस की त्या दोन परीक्षकांची सगळी माहिती कळव, ते कोण, कुठले, त्यांना गाण्यातलं काय कळतं, आणि त्यांना खुर्चीवर कुणी बसवलं. गावातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन तुम्ही धनगरी ओवीची स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडे तक्रार करणार. शेवटी तू हेही लिहिलंस की, ‘नागेश, तू होतास म्हणून निदान तेवढे तरी मार्क पडले, पण दोघांपुढं तुझं एकट्याचं काय चालणार.’ हे वाक्य वाचून मी पत्र घडी करून वहीत ठेवलं. आठ दिवस वही उघडली नाही. शाळेत पोरींना उगाच ओरडलो, एका पेटीचा भाता माझ्याच हातून फाटला. आज म्हटलं, जे मागितलंय ते लिहूनच टाकू.

तर पहिले दत्तोपंत. स्टेजवरून त्यांचा परिचय वाचला तो तूही ऐकलास, ‘ज्येष्ठ संगीतज्ञ’ वगैरे. दादा, ते बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ आहेत. पेटी बरी वाजवतात. दर गुरुवारी त्यांच्या घरी चार माणसं जमतात, भजनं होतात, नंतर पोहे असतात. त्या जमण्याला त्यांनी संगीत मंडळ असं नाव दिलंय आणि स्वतःच अध्यक्ष झालेत. आयुष्यात त्यांनी मेंढका गाताना ऐकला नव्हता, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. अशा माणसाला ओवीच्या स्पर्धेला बसवायचं म्हणजे ज्यानं कधी ऊस बघितला नाही त्याला गुऱ्हाळावर चव घ्यायला बोलवायचं. माझा संताप तिथूनच सुरू झाला होता.

दुसरे हिंदुराव. ‘संगीतक्षेत्रातला तीस वर्षांचा अनुभव’ असं निवेदकानं सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं हसली, आठवतंय? त्यांची बँडपार्टी आहे. लग्नाचा बँड. लाल कोट, सोनेरी बटणं, आणि सोबत जनरेटरचा गाडा. स्पर्धेच्या ढाली त्यांनी दिल्या होत्या म्हणून त्यांना खुर्ची मिळाली, इतकं सरळ आहे. पहिले सहा संघ होईपर्यंत त्यांनी तीन वेळा चहा मागवला आणि एकदा घोरलेही. मी शेजारी बसून दात खात होतो. तुला तक्रारीत लिहायला एवढं पुरे आहे, पण जरा थांब. परीक्षक तीन होते. तिसऱ्याचा परिचय तू विचारला नाहीस.

तो परिचय मीच लिहून दिला होता. मुळात त्या खुर्चीवर पुण्याचे एक प्राध्यापक यायचे होते, पण ते आजारी पडले आणि आदल्या दिवशी दुपारी स्पर्धेच्या मंडळाची माणसं शाळेत आली. त्यांनी एक छापील कागद पुढं केला. नाव, शिक्षण, गुरू, अनुभव, मूळ गाव. मी शिक्षणापुढं ‘संगीत विशारद’ लिहिलं. गुरूपुढं पुण्याच्या बुवांचं नाव घातलं. मूळ गाव लिहिताना पेन अडलं, आणि मग मी ‘बारामती’ लिहिलं. खाली बारीक टाइपात होतं की परीक्षकाचं कोणत्याही संघाशी नातं नसावं. संघांची यादी सोबतच होती. कळसच्या संघापुढं तुझं नाव होतं, कारण सही तू करतोस. माझ्या बापाचं, आबांचं, नाव कुठंच नव्हतं. मी खाली सही ठोकली. मला वाटलं, आयती संधी आहे, आपण आत असलो तर निदान एक तरी माणूस ओवी जाणणारा असेल. दादा, हे मी खरंच मनात म्हटलं होतं. म्हणूनच मला माझी जास्त चीड येते.

आबा या स्पर्धेला का आले हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना ढाल नको होती. पहिल्या नंबराची कॅसेट निघणार होती, तिच्यासाठी आले. सत्तरी झाली, छाती भरून येते. त्यांचे गुरू रावजी गेले तेव्हा रावजींच्या निम्म्या ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या हे आबांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी सतराव्या वर्षापर्यंत त्यांच्या मागं झिलकरी होतो, ओळ उचलून धरायचो. मग पुण्याला बुवांकडं शिकायला गेलो आणि ती जागा तुला दिली. जाताना म्हटलं होतं, गाणं नीट शिकून येतो. शिकलो, पण आलो नाही. दोन वर्षं झाली, बारामतीहून कळसला एसटीनं जायला मला वेळ मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

बुवांकडं शिकायला लागल्यावर पहिल्या सुट्टीत घरी आलो होतो ते तुला आठवत असेल. बुवांचं नाव निघालं की माझा हात कानाकडं जायचा. आबांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, आमच्यात गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायची रीत आहे, मान म्हणून. तुम्ही सगळे हसलात. आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी देवळापुढं ओवीला बसले आणि नमनात रावजींचं नाव आलं तेव्हा त्यांनी ढोल थांबवून कानाला हात लावला. तेव्हापासून ते तसंच करतात. मला त्या वेळी गंमत वाटली होती.

आता त्या दिवसाचं. आधी आमचे परिचय वाचले. माझा आला तेव्हा बुवांच्या नावाला मी सवयीनं कानाला हात लावला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तुम्ही सगळे डावीकडच्या भिंतीला बसला होता. आबा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, दादा, दुसरं काही नव्हतं. मूळ गाव बारामती हे त्यांनी ऐकलं नसेल असं मी इतके दिवस स्वतःला समजावतोय.

मग सातवा नंबर तुमचा. निवेदकानं विचारलं, पट्टी कोणती, पेटीवाल्याला सूर द्यायचाय. आबा म्हणाले की पेटी नको, आमी आमच्या आवाजात लावतो. लोक पुन्हा हसले. दहा मिनिटांत देवाचं नमनही होत नाही हे तू महिनाभर म्हणत होतास, पण आबांनी त्या दहा मिनिटांत सबंध कथा बसवली होती. नमनात रावजींचं नाव आलं, आबांचा हात कानाला गेला, आणि मी मान खाली घालून कागदावर उगाच रेघा ओढल्या. मग आवाज चढायला लागला. आपल्यात तो चढतोच. खालून सुरू करायचं आणि कथा तापेल तसं एकेक पायरी वर जायचं, झिलकऱ्यांनीही सोबत चढायचं. लहानपणी मी एकदा खालीच राहिलो तेव्हा आबांनी मला सांगितलं होतं, “कथा वर चालली आन् तू खाली बसून ऱ्हायलास, तर तिच्यासंगं कोण जायचं?” हे मला विशारदच्या कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही.

तुमचं संपलं आणि दत्तोपंत माझ्याकडं वळले. तू त्यांना काहीही म्हण, पण त्यांनी मला जे विचारलं ते प्रामाणिकपणे विचारलं. म्हणाले, “नागेशराव, सुरुवात काळी एकला होती, शेवट जवळजवळ काळी तीनला गेला. हे यांच्या गाण्यात असतंच, की सुटलं? तुम्ही या भागातले, तुम्हाला ठाऊक असेल.”

दादा, मला फक्त ‘असतंच’ एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. पण मनात आलं की पुढं ते विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक. मग मूळ गाव निघेल, मग आबा निघतील, मग हॉलमध्ये कुणीतरी म्हणेल की बापाला नंबर द्यायला पोरगा बसला होता. विशारद, बुवा, शाळेतली नोकरी, सगळं एका मिनिटात हातातून जाताना दिसलं. आणि खरं सांगू, एवढंच नव्हतं. मला लाज वाटली. आबांचं धोतर, ढोलाचा आवाज, लोकांचं हसणं, या सगळ्याची लाज वाटली. मी म्हणालो, “कल्पना नाही. सुटलं असावं.”

तुला ज्यांची तक्रार करायची आहे त्यांचे मार्क आता ऐक. दत्तोपंतांनी चौऱ्याहत्तर दिले. कागदावर शेरा लिहिला, ‘पद्धत मला अपरिचित, शंकेचा फायदा गायकास.’ हिंदुराव तुमच्या ढोलाला जागे झाले होते. त्यांनी नव्वद दिले आणि मला म्हणाले की अंगावर काटा आला राव, आमच्या बँडला असा ठेका जमला असता तर. पहिल्या आलेल्या संघाचे तिघांचे मिळून दोनशे एकोणतीस होते. माझ्याकडून सहासष्ट मिळाले असते तर कॅसेट आबांची होती. मी एकोणचाळीस दिले. कुणी बोट दाखवू नये म्हणून इतके कमी दिले. शेरा माझ्या हातचा आहे, ‘पट्टी सांभाळता येत नाही.’

निकालानंतर आबा टेबलापाशी आले ते तू लांबून पाहिलंस, पण काय बोलले ते तुला ऐकू गेलं नसेल. भोवती मंडळाची माणसं होती. त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, “सर, आमचं काय चुकलं तेवढं सांगा. फुडच्या टायमाला सुधारू.” सर म्हणाले मला. मी बारामतीचा आहे हे त्यांनी ऐकलं होतं, आणि चार माणसांत ते खोटं पडू दिलं नाही. मी म्हणालो, “पट्टी सांभाळा.” ते व्हय म्हणाले आणि ढोल उचलून तुमच्यामागं स्टँडकडं निघाले.

तू लिहिलंस की आबांनी ढोल आढ्याला टांगलाय, परवा देवापुढंही बसले नाहीत, आणि कुणी विचारलं तर म्हणतात की माझा सूर सुटतो, जाणत्या माणसानं सांगितलंय. हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. काल मी मंडळाला पत्र टाकलं, नातं कळवलं, मार्क कसे दिले तेही कळवलं. ते काय करायचं ते करतील. शाळेतही कळेल. कॅसेट आता निघून गेली, ती परत येणार नाही. दत्तोपंतांकडं जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आपला टेपरेकॉर्डर आणि चार कोऱ्या कॅसेटी माझ्या हातात दिल्या. मला चहाला मात्र विचारलं नाही.

मी रविवारी सकाळच्या एसटीनं तो टेपरेकॉर्डर घेऊन येतोय. पण मी यायच्या आधी तुझ्याकडून एक काम हवंय, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. आबांना वाचता येत नाही आणि त्यांच्यासमोर उभं राहून हे बोलायची माझ्यात ताकद नाही. शनिवारी संध्याकाळी सगळे देवळापुढं जमता तेव्हा हे पत्र मोठ्यानं वाच. माझ्यावर दया येऊन काही गाळू नकोस, एकोणचाळीस तर मुळीच नाही. आबा उठून जायला लागले तर त्यांना म्हण, शेवटचं तेवढं ऐका. शेवटी माझा परिचय आहे, तो निवेदकासारखा स्पष्ट वाच. नाव नागेश. मूळ गाव कळस, तालुका इंदापूर. अनुभव, सतराव्या वर्षापर्यंत झिलकरी. गुरू म्हस्कूआबा, आणि त्यांचे गुरू रावजी. आबांचं नाव वाचताना जरा थांब, दादा, आणि माझ्या वतीनं तुझ्या कानाला हात लाव.

तुझाच,
नागेश