रिकामी सीट वाजते

४ मार्च
सामान फार नव्हतं, एका फेरीत वर आलं. वहिनींनी दादाच्या खोलीशेजारची खोली दिली. उजेड चांगला आहे. दादा गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. म्हणाल्या, बरं झालं भाऊजी आलात, घरात आवाज होईल. मी कुठे बोलतो, म्हटलं. तर म्हणाल्या, म्हणूनच तुमचे दादा दोघांच्या वाटचं बोलायचे. खूप दिवसांनी दोन घास नीट गेले.

बोलावलं आहे ते दादाच्या कार-रेसिंगच्या खेळाच्या रिगसाठी. लोखंडी चौकट, तिच्यावर खरीखुरी रेसिंग सीट, स्टिअरिंग, पेडल, समोर स्क्रीन. इंजिनची घरघर, रस्त्याचे खड्डे, गिअरचा धक्का अंगाला कळावा म्हणून सीटखाली, पाठीमागे आणि पेडलखाली थरथरणारे शेकर बसवलेत. वहिनींची तक्रार अशी की हल्ली सगळंच एकसारखं थरथरतं, पूर्वीसारखं वाटत नाही. थिएटरचे स्पीकर लावण्यात माझी उमेदवारी झाली, हे त्यातलंच काम.

५ मार्च
एकेक शेकर वेगळा तपासला. शेकरमधून एकच सूर सोडून तो खालून वर नेत गेलो. चाळीस हर्ट्झपाशी सीट खडखडते. बोल्ट सैल नाहीत, रिकाम्या सीटचं ते होतंच. माणूस बसला की वजनानं थांबतं. मी बसलो, थांबलं. इंजिनचा जोर उतरवला, तेव्हा कुठे खड्डे वेगळे उमटू लागले. सगळ्यांनी एकदम बोलून काय कळणार!

७ मार्च
दादाची साठवलेली एक रेस लावली. ती चालते तशी सीट थरथरते. वहिनी सीटच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. सीट रिकामी, तरी खडखडली नाही. सूर चाळीसवर नेला. गप्प. वहिनींना हात काढायला सांगितलं. तरी गप्प. त्या खोलीबाहेर गेल्या आणि खडखडाट सुरू.
त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, रोजच येऊन बसतात ते.

८ मार्च
सकाळपासून एकट्यानेच, सीट रिकामी ठेवून, सूर लावून पाहिला. त्यांच्यासमोर गप्प, माझ्यासमोर खडखड. दादा आधी माझा भाऊ होता. एका पांघरुणात वाढलो आम्ही. वहिनी तर काल आल्या. लिहू नये, पण पोटात दुखतं.

११ मार्च
चहा घेताना वहिनींनी दादाचा स्वेटर दिला. बाह्या लांब झाल्या, दोघंही हसलो. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच. तेवढ्यात आत दादाच्या खोलीत रिगला धक्का बसला, गिअरचा असतो तसा. मशीन बंद होती.
वहिनींचा चेहरा उतरला. आत गेल्या, दार लावून घेतलं. बराच वेळ कुणाची तरी समजूत काढत होत्या. मला आत घेतलं नाही.

१२ मार्च
वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आजच निघा. त्यांना खपत नाहीये."
काय खपत नाही ते सांगेनात. मला कळतं. दादात वाटेकरी नको आहे वहिनींना. काम अर्धवट टाकून जाणार नाही म्हटलं.

१३ मार्च
वहिनी बाहेर गेल्या. स्वेटर चढवला, सूर लावला. चाळीस. गप्प.
माझ्या एकट्यासमोर.
आला. माझ्यासाठी आला.

सीटवर बसून लिहितो आहे. मशीन बंद केली. पाठीत धक्के येतायत, एकामागून एक. मायेचे नाहीत —

सीटचा पट्टा छातीवर — मी ओढला नव्हता —

ब्रेकचं पेडल पायांवर उलटं रेटतंय —

वहिनी आल्या. दार उघडत नाही. बाहेरून विनवतायत. मला नाही, त्याला. म्हणतायत, तसं काही नाही हो, शपथ घेते, भाऊ आहे तुमचा —

तसं म्हणजे —

नाही. दादा, नाही. मी तिच्यासाठी नव्हतो आलो, मी तुझ्या