रजिस्टरातलं तिच्या बापाचं नाव

गुरुजी, पोरीची फी माफ झाली. नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, पण फी आमच्या आवाक्याबाहेरची. अनाथ लेकरांची फी सरकार भरतं, त्याला प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळतंय की नाही या घोरात आमचा अख्खा उन्हाळा गेला. काल ते हातात पडलं. सकाळी देवापुढं साखर ठेवली, औंढ्याच्या नागनाथाला इथूनच हात जोडले, आणि मग तुमची आठवण आली. खरं तर तुमचीच आधी यायला पाहिजे होती.

तिला घेऊन मी तुमच्या शाळेत आले तो दिवस डोळ्यांपुढं आहे. तांड्यावरचे तिचे आईबाप जीप उलटून गेलेले, नात्यातलं कोणी पुढं आलं नाही, म्हणून बालकल्याण समितीनं तिला आमच्याकडं सांभाळायला दिलेली. तुम्ही प्रवेशाचं रजिस्टर उघडून बसला आहात. बापाच्या जागी मी यांचं नाव सांगते. तुम्ही पेन खाली ठेवता. मलाही चौथीपर्यंत तुम्हीच शिकवलेलं, त्यामुळं तुमच्या बोलण्यात भीडभाड नाही.

"हिच्या बापाचं नाव काय व्हतं?"

"गुरुजी, आता आमीच तिचे मायबाप."

"व्हय, सांभाळ की. पण तिला बाप व्हता. त्याला मी काहून खोडू?"

"पोरं चिडवतील तिला."

"चिडवू दे. मी हाय ना कान पिळायला. तुझे न्हाई का पिळले?"

मी रडत घरी आले. त्याच रागात रेशनकार्डावर तिला 'मुलगी' म्हणून चढवलं, बापाच्या जागी यांचं नाव घातलं, आणि तुमच्यावर मात केली असं मनात धरून बसले. त्या संक्रांतीपासून तुम्हाला तिळगूळ दिला नाही. रस्त्यात दिसलात की पदर पुढं ओढून वळत होते.

या उन्हाळ्यात हिंगोलीच्या कचेरीत तेच रेशनकार्ड आडवं आलं. क्लार्क कागद चाळून म्हणाला, "बाई, शाळेच्या दाखल्यावर एक बाप, कार्डावर दुसरा. आन् दुसरा तर तुमच्या बाजूला उभा हाय. मग पोरगी अनाथ कशी?" हे मान खाली घालून उभे. पोरगी माझ्याकडं बघून राहिली. तिची वाट मीच अडवली, आणि तीही मायेपोटी, हे मला त्या रांगेत उभं असताना कळलं. समितीचा आमच्याकडचा कागद तर वाळवीनं केव्हाच खाल्लेला. शेवटी त्यानं शाळेतल्या पहिल्या नोंदीचा उतारा आणायला सांगितलं.

शाळेत आता बाई आहेत. त्यांनी माळ्यावरून जुनं रजिस्टर काढलं. तुमचं तिरकं अक्षर मी लांबूनच ओळखलं. तिच्या बापाचं नाव, आईचं नाव, दोघांपुढं 'मयत', आणि शेऱ्याच्या रकान्यात समितीच्या आदेशाचा नंबर. त्याखाली आम्हा दोघांची नावं, 'सांभाळ करणारे' म्हणून. तुम्ही आम्हाला वगळलं नव्हतं गुरुजी, आमची जागा तेवढी बराबर लिहिली होती. त्या नंबरावरून कचेरीत जुनी फाईल सापडली आणि काम झालं.

काल येताना गाडीत पोरगी म्हणाली, "माय, आता मी कागदावर अनाथ, आन् घरी तुझी बोलणी खायाला लेक." हे हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

हे पत्र कुठं टाकायचं, पोथीतच ठेवीन. पण एक सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा सारं गाव तुमच्या दारात होतं. हे मला न्यायला आले, तर मी म्हणाले, आज माझा कडक उपास आहे, जप सोडून उठता येत नाही. त्या दिवशी कसलाही उपास नव्हता, गुरुजी. हे तुमच्याकडं गेले आणि मी ताट वाढून घेतलं.