नहूमचं नाव ठेवलेलं आहे

बुऱ्हाणपूर,
ता. १४ नोव्हेंबर १९५७

प्रिय दानियलदादास,

सेगुलाचा शालोम. वहिनी आणि मुलं खुशाल असतील. इकडे थंडी पडली आहे. शाहपूरच्या केळ्यांनी बाजार भरलाय. यांची गिरणीतली नोकरी ठीक चालली आहे.

पत्र सुधाकररावांच्या हाती देते आहे. आमचे शेजारी, ठाण्यालाच निघालेत. यांची तार तुला मिळाली असेल. घर सोडण्याआधी एवढं वाच.

नहूमच्या नामकरणाला तू आला नाहीस. सुंता नाही तिथे माझं काय काम, असं लिहिलंस. माझ्या एझ्राची आणि बिन्यामीनची, दोन्ही थोरल्यांची सुंता तूच केली होतीस. दोघंही रक्त न थांबून गेले. दोन भाऊ असे गेले तर तिसऱ्याला सूट आहे असं आपलं धर्मशास्त्रच सांगतं, तरी तू रुसून घरी बसलास. मग आम्हीच केलं. लोधीपुऱ्याच्या शारदाबाईंनी त्यांच्या शाळेतली खुर्ची आणली, तीच सुंतेच्या वेळी ठेवतात ती एलियाहू नबीच्या मानाची खुर्ची म्हणून मांडली. मलिदा मी केला. यांनी आशीर्वाद म्हटला. शेजारच्या मालूबाई म्हणाल्या, "नाव ठेवाले वस्तरा कायले लागते वो?" शारदाबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, तर बायकांनी त्यांच्या पाठीत असे धपाटे घातले की कित्येक वर्षांनी मी पोट धरून हसले.

मला वाटलं, वस्तरा टाळला की सगळं टळलं.

परवा तो उभा राहायला गेला आणि उंबऱ्यावर पडला. ओठ फाटला, एवढासाच. रक्त थांबत नाही. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, नुसती नाडी बघून जातात.

तुला का बोलावलंय ते यांनी काल हळूच सांगितलं. सुंता न झालेलं मूल गेलं, तर माती देण्याआधी त्याची सुंता करतात आणि तेव्हा नाव देतात. दादा, त्याला नाव आहे. हाक मारली की अजून डोळे उघडतो.

तुझ्यावर राग नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? राग आहे. तरी ये. शेवटची प्रार्थना यांच्या तोंडून निघणार नाही, आणि मला माझा भाऊ हवा आहे. तुझी ती वस्तऱ्याची पेटी मात्र ठाण्यालाच ठेव. आणलीस तर तुलाही घरात घेणार नाही. तो जसा जन्मला तसाच जाईल.

तुझी बहीण सेगुला,
नहूमची आई