'पुन्हा या'ची पाटी

तीर्थस्वरूप अक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा (धाकटा कसला, पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं घोरणं कमी झालं का? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे तुझी भावजय बोलते आहे आणि मी ऐकतो आहे.

तुझा निरोप मिळाला. आमच्या नव्या शस्त्रक्रिया विभागाच्या उद्घाटनाला तू येणार नाहीस, कारण 'त्या दवाखान्यात पाऊल टाकलं की घेरी येते'. अक्का, माझी सगळी नोकरी इथे गेली आणि तू एकदाही फाटकाच्या आत आली नाहीस. माझा डबासुद्धा वॉचमनच्या हातात देऊन परत फिरायचीस. आणि दवाखाना काय म्हणतेस? दवाखान्यात एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर असतो. आमचं हॉस्पिटल आहे! ते तू एकदा तुझ्या डोळ्यांनी बघावंस एवढीच माझी इच्छा आहे, आणि त्यापायी हे पत्र लांबणार आहे. चष्मा लावून बस.

सुरुवातीला आम्ही दवाखानाच होतो, हे मान्य. (तुला बरं वाटावं म्हणून.) बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत लोकांनी आपापल्या घरच्या खाटा आणून टाकल्या होत्या, एकीची उंची दुसरीशी जुळेना. मोठ्या डॉक्टरांना रोग सगळे कळत, पण पाण्याची टाकी कधी भरायची ते कळत नसे. म्हणून त्यांनी मला कापडाच्या दुकानातून उचललं. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "चादरी सांभाळता येतील?" मी म्हटलं, "येतील, आणि आलेलं गिऱ्हाईक मी रिकाम्या हाती जाऊ देत नाही." ते पोट धरून हसले. मी मनापासून बोललो होतो.

पुढे भिंती रंगल्या, फाटक बसलं आणि पाट्या लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी आमच्या दुकानाचाच पेंटर बोलावला. आत येताना 'सुस्वागतम्' आणि बाहेर पडताना 'धन्यवाद, पुन्हा या'. अक्षर असं वळणदार, की मी उगीचच दोनदा बाहेर जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी पाय मोडलेला एक सुतार कुबड्यांवर घरी निघाला. त्याने मान वर करून पाहिलं, मला तोंडाला येईल ते बोलला आणि या पाटीखालून जाणार नाही म्हणून अडून बसला. शेवटी त्याला स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर काढावं लागलं. ही बातमी वॉर्डभर झाली आणि बरे झालेले सगळेच पेशंट स्वयंपाकघरातून घरी जाऊ लागले. स्वयंपाकीणबाई हातात पळी घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. (पळी गरम होती.) मी घाईघाईने पाटी बदलून घेतली: 'सावकाश जा'. यात काय चुकलं, तूच सांग! पण आपल्यात निघालेल्याला कोणी 'जा' म्हणतं का? निघणारा स्वतःसुद्धा 'येतो' म्हणतो. हृदयविकारातून वाचलेल्या एका मास्तरांच्या बायकोने ती पाटी वाचली आणि तिथेच गळा काढला. म्हणजे 'या' म्हणावं तर शिव्या, 'जा' म्हणावं तर रडारड. बरेच दिवस पाटी कोरीच लटकत होती. अखेर मेट्रनबाईंनी मला न विचारता पेंटरला सांगितलं, "लिही, 'बरे राहा'." तीच पाटी आजही आहे. पण नाव पडायचं ते पडलंच. रिक्षावाल्याला हॉस्पिटलचं खरं नाव सांग, तो डोकं खाजवेल. 'पुन्हा या' म्हण, थेट फाटकाशी आणून सोडेल.

आणि लोक खरंच पुन्हा आले, अक्का. तो सुतार आपली हत्यारं घेऊन आला आणि सगळ्या खाटा एका उंचीच्या करून गेला. मास्तरांच्या बायकोने प्रसूती विभागासाठी दारोदार फिरून पडदे, पाळणे जमवले. वखारीच्या जागी आता तीन मजले उभे आहेत, रक्तपेढी आहे, लिफ्ट आहे (चालतेसुद्धा). पाळणे यायच्या आधी जन्मलेली एक मुलगी माझ्या टेबलाच्या खणात झोपली होती. ती आज इथे भूलतज्ज्ञ आहे आणि मला 'काका, मध्ये येऊ नका' म्हणते. मी कारकुनाचा व्यवस्थापक झालो. खुर्ची तीच राहिली, फक्त दारावरचा हुद्दा लांबला. सकाळी फाटकातून आत शिरताना छाती अशी फुगते, की शर्टाची बटणं धोक्यात येतात. हे मी बाहेर कोणाला सांगत नाही, तुला सांगतो.

भाऊजींना नमस्कार. नातवंडांच्या पाठीत माझ्यातर्फे एकेक धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. उद्घाटनात माझं भाषण आहे. थोडक्यात आटपणार आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

ता. क. पुन्हा एकदा. उद्घाटनाला नाही आलीस तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ये. नव्या टेबलावर पहिला पेशंट मीच आहे. पित्ताशयात खडे आहेत. मोठ्या शहरात जा, असं चार जणांनी सुचवलं. मी म्हटलं, माझं हॉस्पिटल सोडून मी कुठेही झोपणार नाही. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. मीही इतकी वर्षं सगळ्यांना किरकोळच सांगत आलो. पण मला भीती वाटते, अक्का. पेशंटजवळ एकाच नातेवाइकाला बसता येतं; नियम मीच केलेला, त्यामुळे मोडता येत नाही. मी तुझं नाव सांगून ठेवलं आहे. तुझ्या भावजयीला अजून काही बोललो नाही. ते आल्यावर तूच सांग.