पुरिंग ताईची अंडी आणि माझा पाऊस

क्वेझोन सिटी,
ऑगस्ट १९८७

प्रिय आणि आदरणीय पुरिंग ताई,

तुझा हात हातात घेऊन कपाळाला लावतो आहे, असं समज. (प्रत्यक्षात एका हातात पंखा आहे आणि दुसऱ्यात पेन, पण भावना पोचली म्हणजे झालं.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी पायऱ्या चढायच्या नाहीत म्हणून बजावलेलं असताना तू घंटाघरात चढून गेलीस आणि चर्चची घंटा बेसूर वाजते असं फादरना तोंडावर सांगून आलीस, हे तुझ्या लेकाकडून, बेनकडून कळलं. गुडघ्याची काळजी वाटली आणि फादरची कीव आली. बेन काल केळीच्या पानात बांधलेल्या गोड भाताचं सुमान घेऊन सेटवर आला होता. सुमान म्हटल्यावर आमची माणसं कॅमेरासुद्धा सोडून धावतात, त्यामुळे भात त्यांनी खाल्ला आणि केळीची पानं माझ्या वाट्याला आली. पानांना वास फार छान होता. बेनबरोबर तू जो निरोप पाठवलास, तोही मिळाला. त्याबद्दल पुढे लिहितोच, आधी इथली हकीकत ऐक.

लोक मला नेहमी विचारतात, तेर्यो, तू इतकी वर्षं दिग्दर्शक म्हणून टिकलास आणि वर निर्माताही झालास, ते कशाच्या जोरावर? मुलाखतीत मी कला, कष्ट, प्रेक्षकांचं प्रेम वगैरे सांगतो. खरं उत्तर तुला ठाऊक आहे आणि सांता क्लाराच्या मठातल्या सिस्टरना ठाऊक आहे. लग्नाच्या किंवा जत्रेच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून सांता क्लाराला अंडी वाहणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, पण धाकट्या भावाच्या प्रत्येक शूटिंगला न चुकता टोपली घेऊन मठात जाणारी तू एकटीच. माझं पहिलं काम आठवतं ना? युद्धपटात प्रेताचं. मी शिंकलो तेव्हा दिग्दर्शक ओरडले होते, "ए मेलेल्या, धड मरताही येत नसेल तर घरी जा!" त्या दिवशीसुद्धा ऊन कसं लख्ख होतं! पुढे मी तलवारबाजीचे सिनेमे काढले, नागकन्या आकाशात उडते तो काढला (तार तुटून नागकन्या नारळपाण्याच्या गाडीवर पडली, पण कोरडी पडली), ज्वालामुखीच्या काठावर प्रेमगीत घेतलं. बाकीच्यांचे सेट भर पावसाळ्यात वाहून जायचे आणि माझ्या नायिकेच्या गालावरची पावडरसुद्धा ओघळायची नाही. नंतर माझ्या कथा कोणी निर्माता घेईना, तेव्हा मी स्वतःच निर्माता झालो आणि कंपनीला तुझं नाव दिलं. पुरिंग पिक्चर्सच्या चिन्हात उगवता सूर्य आहे असं लोक समजतात. तो अंड्यातला बलक आहे.

(गावात आपल्या सिनेमाचा पहिला खेळ झाला, तेव्हा नायक-नायिकेचे चेहरे जवळ येऊ लागताच तू उठून प्रोजेक्टरसमोर हातपंखा धरलास, तेही आठवलं. पडद्यावर नुसता पंखा दिसत होता आणि मागून गाणं ऐकू येत होतं. लोकांनी तिथे सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. पुढच्या दोन सिनेमांत चुंबनाच्या जागी मी पंखाच दाखवला आणि समीक्षकांनी त्याला सूचकता म्हटलं.)

तर आता चालू सिनेमा. विषय घरगुती आहे, एवढंच सांगतो, जास्त विचारू नकोस. सगळं चित्रण झालं, शेवटचा एकच प्रसंग राहिला आहे. बस-थांब्यावर एक मुलगी उभी आहे, मुसळधार पाऊस आहे, बस सुटते. बस्स, इतकंच. आमची नायिका निंगनिंग नवी आहे, गुणी आहे, पण महिनाअखेरीस ती अमेरिकेला आईकडे जायची आहे, कायमची. तिकीट आलं, व्हिसा आला, पाऊस तेवढा आला नाही. ती गेली की हा प्रसंग गेला, आणि प्रसंग गेला की सिनेमा डब्यात गेला. माझ्या वयाच्या माणसाला यानंतर कोण आणखी एक सिनेमा काढू देणार आहे! सगळे म्हणतात उन्हात उरका. आमचा कॅमेरावाला अंबो रोज म्हणतो, "डायरेक्टर, पावसाचं काय एवढं घेऊन बसलात? प्रेक्षक काय छत्री घेऊन येणार आहेत थिएटरात?" (अंबो माझ्याबरोबर प्रेतांच्या रांगेत पडलेला होता, त्यामुळे त्याला काहीही बोलायचा हक्क आहे.) मी हट्टाला पेटलो आहे. उन्हात नाही म्हणजे नाही.

आणि पावसाचा पत्ता नाही. ऑगस्ट महिना आणि आकाश घासलेल्या पातेल्यासारखं स्वच्छ! आधी आम्ही अग्निशमन दलाचा बंब बोलावला. नळी वर धरली, पाणी सुरू झालं, निंगनिंगच्या डोळ्यांत नेमकं हवं तसं दुःख आलं, आणि तेवढ्यात पलीकडच्या बाजारात कुठेतरी खरोखरची आग लागली. बंब जो सुटला तो नळीसकट. नळीच्या टोकाला आमचा प्रकाशयोजनेचा माणूस होता. तो दोन गल्ल्या पाणी मारत, ओरडत बंबामागे धावला आणि वाळत घातलेले एकूणएक कपडे त्याने पुन्हा भिजवले. आग विझली ही देवाची कृपा. बायका मात्र अजून मला शोधताहेत. त्यानंतर नगरपालिकेने कळवलं की टंचाईच्या दिवसांत प्यायचं पाणी सिनेमासाठी उडवता येणार नाही. बरोबरच आहे त्यांचं.

मग अंबोने एक टँकरवाला गाठला. तो म्हणाला पाणी प्यायचं नाही पण स्वच्छ आहे. त्याने ते मासळीच्या तळ्यातून भरलं होतं, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाऊस झकास सुरू झाला. मी खुर्चीत पुढे सरकलो, आणि निंगनिंगच्या छत्रीवर धप्पकन एक बांगुस मासा पडला. मागून दुसरा. मग लहान-मोठे आणखी. पोरीची कमाल बघ ताई, तिने चेहरा हलवला नाही, डोळ्यांत पाणी तसंच, फक्त खांद्यावर शेपटी आपटत होती. थांब्यावर उभी असलेली एक खरीखुरी आजी गुडघ्यांवर बसून क्रूसाची खूण करायला लागली, आणि तिची सून पिशवी उघडून मासे गोळा करायला लागली. मी "कट" म्हणेपर्यंत अंबोने निखारे पेटवले होते. जेवण उत्तम झालं. प्रसंग वाया गेला.

शेवटी माणसं देवधर्मावर उतरली. मांजराला आंघोळ घातली की पाऊस येतो हे तूच मला लहानपणी शिकवलंस. स्टुडिओत एक बोका आहे, त्याला कोणी नाव ठेवलेलं नाही कारण तो हाक मारल्यावर येत नाही. त्याला अंबोने बादलीत बसवलं. बोका आता ठीक आहे, अंबोच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत आणि कॅमेरा त्याचा मदतनीस धरतो. पावसाचा एक थेंब नाही.

काल वस्तीतल्या फादर अनिसेतोंनी पावसासाठी मिरवणूक काढली. सगळी वस्ती, आमचं सगळं युनिट, हातात मेणबत्त्या, पुढे देवमातेची मूर्ती. मी कॅमेरा थांब्यावर रोखून ठेवला होता, निंगनिंग तयार उभी होती. आणि ताई, खरंच सांगतो, ढग आले! काळे, भरलेले, दुधाळ म्हशीसारखे! वारा सुटला, मेणबत्त्या विझल्या, बायका आनंदाने रडू लागल्या. मी "कॅमेरा" म्हणून ओरडणार, इतक्यात गर्दीतून वाट काढत तुझा बेन आला. हातात सुमानची टोपली. आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मामा, आईने निरोप दिलाय, पावसाची अजिबात चिंता करू नकोस! शेवटचा प्रसंग आहे म्हणून या वेळी तिने अंडी दुप्पट वाहिलीत!"

ढग गेले. मी काही अंधश्रद्धाळू माणूस नाही, पण ते गेले, हे सर्वांनी पाहिलं. सगळी वस्ती आधी आकाशाकडे बघत होती, ती हळूहळू माझ्याकडे बघू लागली.

अंबोने मेणबत्ती खाली ठेवली. "म्हणजे महिनाभर आम्ही इथे मांजरं धुतोय," तो म्हणाला, "आणि तिकडे तुमची बहीण..."

"तिला कथेत पाऊस आहे हे माहीत नाही रे!"

"या अंड्यांबद्दल एवढ्या वर्षांत आम्हाला एकदा तरी सांगायचं!" मग तो फादरकडे वळला. "फादर, वाहिलेली अंडी परत मागता येतात का हो?"

फादर अनिसेतोंनी गंभीरपणे विचार केला. "मागता येतील," ते म्हणाले, "पण सिस्टर मंडळींनी एव्हाना त्यांचं गोड फ्लान करून खाल्लंही असणार."

तुझा बेन बिचारा गोरामोरा झाला. त्याची काही चूक नाही, त्याला रागावू नकोस. माझी तर अंड्यांबद्दल मुळीच तक्रार नाही. तुझ्या अंड्यांवर माझं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी वर लिहिलंच आहे. तुला माझी काळजी आहे, यापेक्षा मोठं काय असतं? तेव्हा मनात काही आणू नकोस. गुडघ्याला तेल लाव, घंटेकडे दुर्लक्ष कर आणि सगळ्या पोरांना माझे आशीर्वाद सांग.

तुझा धाकटा,
तेर्यो

ता. क. अंडी थांबव.

ता. क. २. वरचं वाक्य वाचून तू रागावलीस, हे मला इथून दिसतं आहे. म्हणून नीट लिहितो. काही दिवस मठात जाऊच नकोस. सिस्टरनी विचारलं तर गुडघा दुखतो म्हण, खोटं नाही ते. त्यांनाही इतकं फ्लान बरं नाही, त्यातल्या दोघींना साखरेचा त्रास आहे म्हणतात. आणि जमलं तर सांता क्लाराला तूच समजावून सांग, माझ्यापेक्षा ती तुझं जास्त ऐकते.

ता. क. ३. उन्हात का नाही घेत, असं तूही विचारशीलच. मी फादर व्हायचं शिक्षण, सेमिनरी, सोडून सिनेमात निघालो, तेव्हा बाबा दार लावून आत बसले होते आणि बस-थांब्यावर तू एकटी आली होतीस. तुझ्या हातात एकच छत्री होती. ती तू माझ्यावर धरली नाहीस आणि स्वतःवरही धरली नाहीस, माझ्या पुठ्ठ्याच्या पेटीवर धरलीस, कारण आत माझा एकुलता एक बरा शर्ट होता. मी बसच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा तू नखशिखांत भिजून हात हलवत होतीस. तुझी अंडी त्याच आठवड्यापासून सुरू झाली. निंगनिंग जी मुलगी करते आहे, ती तूच आहेस, ताई. उन्हात ती छत्री धरून नुसती उभी दिसते. पावसात ती काय करते आहे, ते कळतं.

ता. क. ४. पाऊस पडून प्रसंग झाला की लगेच अंडी पुन्हा सुरू कर. स्टुडिओचं छप्पर गळतं आणि अंबोच्या पट्ट्या भिजून चालणार नाहीत.

ता. क. ५. चित्रणाला तू यायचंच. बेन घेऊन येईल. छत्री आणू नकोस, या खेपेला मी धरतो.