चार नंबरची कॉफी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कॉफी परत आंबट! गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पंधरा दिवसांसाठी लेकीकडे आले, त्याला आता दोन महिने होत आले. गुडघा बरा आहे. जिभेचं काही सांगता येत नाही.

रोज सकाळी साडेसहाला जावईबापू ओट्यापाशी उभे असतात. वाकड्या चोचीची एवढीशी किटली, कागदाची गाळणी आणि सोनाराकडे असतो तसला इवलासा वजनकाटा. बिया मोजायच्या, दळायच्या, पाणी मोजायचं, घड्याळ लावायचं. एका कपासाठी इतका खटाटोप, की तेवढ्यात माझी आंघोळ आणि अर्धा पेपर उरकतो. दूध नाही. साखर नाही. मागितली एकदा, तर चेहरा असा झाला जणू मी त्यांच्या नव्या शर्टावर शाई सांडली.

बिया कुरियरने येतात. कुठून कुठून लहान लहान भाजणारे हुडकून काढतात हे. आजचं पाकीट दोघी बहिणींचं, त्या गॅरेजमध्ये भाजतात म्हणे. पाकिटावर छापलंय – जर्दाळू, मध, जाईचं फूल. मी तिन्ही शोधली. लिंबाची साल सापडली.

"कशी आहे, आई?"

"छान आहे."

एकतीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर काढली. तक्रार घ्यायची सवय आहे, करायची नाही. त्यातून जावयाचं घर. तोंड वर करून काय बोलणार?

५ फेब्रुवारी, बुधवार

एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांचं पाकीट. "अंजीर, कोको, शेवटी तंबाखूची हलकी छटा." दातांचा डॉक्टर आणि तंबाखू! मला ओल्या फळीची चव लागली. छान म्हटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज घात झाला.

आजवर दुसऱ्यांच्या बिया होत्या. आज त्यांनी स्वतः भाजलेल्या! गावाबाहेर कुणाच्या तरी शेडमध्ये भाजायचं यंत्र आहे, तिथे तासावर भाड्याने मिळतं. काल संध्याकाळी तिथे जाऊन हाताने भाजून आणल्या. बरणीवर चिठ्ठी – "१". कप माझ्या हातात दिला आणि समोर उभे राहिले, खांद्यावर फडकं, श्वास रोखून. निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात ना, तसे. चाळिशीचा माणूस!

घोट घेतला. जळका टोस्ट आणि त्यावर व्हिनेगर. "छान" एवढ्याने भागेना, काहीतरी जास्त द्यायला हवं होतं. तोंडातून निघून गेलं –

"अप्रतिम!"

ते वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ किटली पुसत होते. किटली कोरडीच होती.

लेक म्हणाली, "अगं आई, त्याला असं चढवू नकोस. आधीच रात्रंदिवस तेच डोक्यात आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

जावईबापू ऑफिसला शीळ घालत गेले. डबा विसरला म्हणून परत आले, तरी शीळ चालूच!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आता मला शिकवणी लागली आहे. चव घ्यायची तर पिऊन चालत नाही, चमच्याने सुर्रकन ओढायचं – जितका आवाज मोठा तितकं बरं. म्हणे कॉफी सगळ्या जिभेवर फवारली जाते. लहानपणी ताटावर सुर्र केलं म्हणून या लेकीच्या पाठीत मी धपाटे घातलेत! आज ती कामावर निघताना दारात थांबून बघत होती. मी सुर्र करतेय, तिचा नवरा सुर्र करतोय.  बघितलं असं, की धपाट्यांची आठवण आहे तिला.

"काय आठवतं, आई? कुठलाही वास, कुठलीही चव."

खरं सांगायचं तर ऑफिसातलं जुन्या फायलींचं कपाट आठवलं. म्हटलं, "फळं."

"कुठली?"

"... मिश्र."

लिहून घेतलं त्यांनी!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चार नंबर आली. देवा! एक, दोन, तीन निदान अर्धी-पाऊण तरी गिळता आली. ही ओठाला लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. सुदैवाने त्यांचा फोन वाजला, ते आतल्या खोलीत गेले. बाल्कनीत रबराच्या झाडाची मोठी कुंडी आहे. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

परत आले तेव्हा कप रिकामा. म्हटलं, "फारच छान."

त्यांनी कप उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि इतके गोड हसले की मला माझीच लाज वाटली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

परत चार नंबर. परत झाड.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज चक्क आवडली!

सहा नंबर. तोंडात घेतली आणि वाटलं, अरे, ही वेगळी. आंबट नाही. जळकी नाही. गूळ विरघळल्यावर मागे उरते तशी काहीतरी गोडी, आणि गिळल्यावरही बराच वेळ सोबत राहिली. साखरेची आठवणसुद्धा झाली नाही. सगळा कप प्यायले, गाळणीखालच्या भांड्यात उरलेली ओतून घेतली, तीही प्यायले. भांडीवाली येणार नव्हती म्हणून कप लगेच विसळून पालथा घातला.

मग ते आंघोळ करून आले. "कशी होती?"

आता आली का पंचाईत! छान, फारच छान, अप्रतिम – सगळे शब्द वाईट कॉफ्यांवर उधळून बसलेय. खऱ्या चांगलीला काय म्हणू? तेच शब्द तिला लावायला जीभ वळेना. म्हटलं, "बरी आहे."

त्यांचं तोंड उतरलं. बरणी मागच्या फळीवर गेली.

५ मार्च, बुधवार

जेवताना जावईबापूंनी जाहीर केलं. शहरात चार कॅफे असलेल्या एक बाई आहेत, त्या लहान भाजणाऱ्यांकडूनच बिया घेतात. रविवारी, सोळा तारखेला, घरी येऊन चव घेणार. त्यांना पसंत पडली तर चारही कॅफेंत यांची कॉफी. आणि पसंत पडली तर सोमवारी राजीनामा!

लेकीचा घास हातातच राहिला. चौदा वर्षांची नोकरी. विमा, पेन्शन, सगळं. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग, माझं दुर्दैव, माझ्याकडे.

"आई, खरंच एवढी चांगली होते का गं? मला यातलं काही कळत नाही. तू म्हणत असशील तर मी अडवणार नाही."

दोघंही माझ्या तोंडाकडे बघतायत!  मी पाणी प्यायले. मग म्हटलं, "मेहनत खूप घेतात ते." हे खोटं नव्हतं. पण लेकीने सुटकेचा श्वास टाकला, आणि मी काय केलं ते मला कळलं.

९ मार्च, रविवार

चष्मा शोधत होते. ओट्याच्या खणात वजनकाट्याखाली एक वही सापडली. दुसऱ्याची वही उघडू नये. उघडली.

अकरा फेब्रुवारीपासूनच्या नोंदी. प्रत्येक पानावर मी!

"नं. २. आई: छान. कपात उरली ६४ ग्रॅम."

"नं. ३. आई: छान छान. उरली ८१ ग्रॅम."

माझा उष्टा कप काट्यावर ठेवून मोजतायत! वहीच्या पहिल्या पानावर वर लिहिलंय – "आई मनाने चांगल्या आहेत, त्या नाही म्हणणार नाहीत. शब्दांवर जाऊ नये. कपात किती उरली ते बघावं."

हुशार माणूस. मला इतकं ओळखलंय! क्षणभर बरं वाटलं, मी सुटले. मग पुढचं पान.

"नं. ४. आई: फारच छान. उरली ०!! दुसऱ्या दिवशी परत दिली. परत ०!! हीच."

खाली दोन रेघा. त्याखाली – "१६ तारखेला: नं. ४."

आणि सहा नंबर? "बरी आहे. कप धुतलेला, वजन नाही. बाद."

मी स्टुलावर बसले. सगळं शास्त्र करून या माणसाने नेमकी झाडाची आवड निवडलीय.

११ मार्च, मंगळवार

आज सांगायचंच म्हणून साडेसहाच्या आधीच ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. "जावईबापू, तुमच्याशी जरा बोलायचंय."

"मलाही, आई." किटली खाली ठेवली त्यांनी. "माझ्या घरी कुणी मला कधी, तुला जमेल, असं म्हटलं नाही. वडील गेले तोवर मला बावळटच म्हणत होते. तुम्ही पहिल्या."

मग काय बोलायचं होतं ते?

मी विचारलं, हा गाळणीचा कागद तुम्ही एकच वापरता की दोन.

१२ मार्च, बुधवार

रबराच्या झाडाची तीन पानं गळाली. लेक म्हणते पाणी जास्त होतंय.

१५ मार्च, शनिवार

उद्या येणार. घर घासूनपुसून लख्ख. चार नंबर ताजी भाजून आणलीय, मोठी बरणीभर. मी सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा गुडघा दुखतोय म्हणून परत आले. गुडघा ठणठणीत आहे.

१६ मार्च, रविवार

सगळं आजच लिहून काढते, नाहीतर उद्या त्यात मीठमसाला पडेल.

बाई अकराला आल्या. उंच, पांढरे आखूड केस, स्वतःचा चमचा पर्समध्ये! लेकीने खुर्ची दिली, बसल्या नाहीत, उभ्यानेच चव घेतात म्हणे. जावईबापूंनी चार नंबर केली. पाणी काट्यावर सांडलं, पुसलं, परत मोजलं.

बाईंनी सुर्र केलं. भिंती हलल्या. 

"छान आहे."

जावईबापू फुलले. लेकीने माझा हात धरला.

"छानच आहे," बाई म्हणाल्या. "मेहनत दिसते हं." आणि कप खाली ठेवला. ठेवला तो असा हळूच, की आवाज होऊ नये. आणि घड्याळाकडे पाहिलं.

अहो, हे मी ओळखते! एकतीस वर्षं हेच केलंय! आता म्हणतील "कळवते". आणि म्हणाल्याच – "मी कळवते तुम्हाला." जावईबापूंना वाटलं झालं काम! ते लेकीकडे बघून हसतायत, तीही हसतेय, उद्या राजीनामा देऊन मोकळे होणार, आणि हे फक्त मला कळतंय.

"बाई," मी म्हटलं, "खरं सांगा. वाईट आहे ना?"

 लेक म्हणाली, "आई!"

"तू थांब. मी दीड महिना या माणसाला छान छान म्हणतेय. एकही छान नव्हती. ही चार नंबर मी एक घोटसुद्धा गिळली नाही. दोन्ही दिवस कुंडीत ओतली. विचारा त्या झाडाला!"

जावईबापूंचा चेहरा बघवेना. पांढराफटक. बाईंनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खुर्ची ओढून बसल्या. सुटल्यासारख्या बसल्या.

"बाहेरून करपलीय, आतून कच्ची," त्या त्यांना म्हणाल्या. "घाई करताय तुम्ही. मी तोंडावर बोलणार नव्हते, रविवारी कशाला कुणाला दुखवा म्हणून."

 मग जावईबापूंनी विचारलं – बाईंना नाही, मला – "मग एकही नाही आवडली, आई? एकसुद्धा?"

"सहा नंबर. दोन कप प्यायले. आणि कप विसळून ठेवला."

ते धावत गेले. मागच्या फळीवरून बरणी काढली. तळाला मूठभर उरल्या होत्या, शिळ्या झालेल्या. केली. बाईंनी घेतली. सुर्र.  परत घेतली, आणि या वेळी चमचा बाजूला ठेवून सरळ कपाला तोंड लावलं.

"ही शिळी आहे," शेवटी म्हणाल्या. "ताजी तीनदा भाजून आणा. तिन्ही वेळा अशीच आली तर बोलू. नोकरी मात्र सोडू नका हो इतक्यात."

बाई गेल्यावर लेक माझ्यावर इतकी चिडली, इतकी चिडली, आणि मग हसायला लागली ती थांबेचना. जावईबापू हसले नाहीत. बाल्कनीत जाऊन झाडाची माती बोटाने उकरून हुंगत होते. दुखावलेत. दुखवलं मी. पण उद्याचा राजीनामा टळला, आज मला शांत झोप लागेल.

१७ मार्च, सोमवार

लेक आठला कामावर गेली. नऊ वाजले तरी जावईबापू घरातच. डबा भरून समोर ठेवला. घेतला नाही. खुर्चीत बसून म्हणाले, "आई, तुम्ही काल खरं बोललात. मीही बोलतो."

राजीनामा दहा फेब्रुवारीलाच दिलाय. माझ्या "अप्रतिम"नंतरच्या पहिल्या सोमवारी! दुसऱ्या दिवशी भीती वाटायला लागली, म्हणून कप मोजायला घेतले. पाच आठवडे रोज माझ्या हातचा डबा घेऊन त्या शेडमध्ये जाऊन बसतात. लेकीला यातलं काहीच माहीत नाही.

ती सहाला घरी येते. मी विचारलं, मी सांगू का तिला? "नको," म्हणाले, "मीच सांगतो. तुम्ही फक्त समोर बसा."

बसणार आहे.